दहा मिनिटांचं काम

चि. बाळ्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दसऱ्याची रात्र आहे, साडेअकरा होऊन गेले. बाबा झोपले. मी डायनिंग टेबलावर बसून मनीषनगरच्या फ्लॅटच्या एका रद्द ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहून राहिली आहे. सकाळी फोटो काढून पाठवीन. मागच्या रेषा उमटून दिसतील, तिकडे लक्ष देऊ नको. तो किचनचा दुसरा नकाशा आहे, पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, बाद केलेला. तिसराही केला होता, मग पहिल्यावरच आले.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी तू पुण्यातल्या वाकडच्या खोलीच्या भिंतीचा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, 'आई, कोणता रंग लावू? पटकन सांग, तुझ्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे.' रविवारी एक प्रश्नचिन्ह आलं. मंगळवारी तीन आली. बुधवारी तू बाबांना फोन करून विचारलंस म्हणे, आई जिवंत आहे ना. आहे रे. पण ते 'दहा मिनिटांचं काम' वाचून मला राग आला होता, आणि उत्तर न द्यायला तेवढं कारण पुरलं. बाकी कामं होतीच, पण जेवायला वेळ मिळालाच ना मला. तेव्हा कामाचं निमित्त पुढे करत नाही. फक्त हा आठवडा कसा गेला ते सांगते, मग रंगाचं बोलू.

तुला माहीत आहे, दसरा आणि दिवाळी म्हणजे आम्हा नागपूरच्या इंटिरियरवाल्यांचा हंगाम. वर्षभर 'बघू, करू' म्हणणाऱ्या पार्ट्यांना गणपती उठले की एकदम आठवतं, की घरात तर नवरात्रात शिरायचं होतं. मनीषनगरचा तीन बीएचके दसऱ्याला सकाळी ९च्या मुहूर्तावर ताब्यात द्यायचा ठरला होता. शनिवारी सकाळी सात वाजता मिस्त्रींचा फोन. 'मॅडमजी, माल आया है. पर आप एक बार देख लो.' मिस्त्री असं बोलले की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

किचनच्या १४ शटरांपैकी, म्हणजे कपाटांच्या दारांपैकी, ११ वर लॅमिनेट चिकटवून झालं होतं. उरलेल्या ३ साठी लॅमिनेटचं नवं शीट आलं होतं. नंबर तोच, कंपनी तीच, बॅच वेगळी. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे. खिडकीपाशी नेलं की एक राखाडी, आणि दुसरा राखाडीत थेंबभर हिरवा मिसळल्यासारखा. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सूतभर फरकसुद्धा खपत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, लहानपणी त्यांच्या टेपवर तू शिकला होतास.

जुन्या लॅमिनेटचा तुकडा पर्समध्ये टाकला, जयप्रकाशनगरहून मेट्रो पकडली, सीताबर्डीला बदलली आणि टेलिफोन एक्स्चेंजला उतरून लकडगंजात गेले. गाडी नेली असती तर पार्किंगमध्येच दुपार झाली असती. दुकानदार म्हणतो, 'मॅडम, एवढं कोनाले दिसते?' म्हटलं, भाऊ, ज्या बाईला रोज सकाळी तिथं उभं राहून चहा करायचा आहे, तिला दिसते. तासभर बसवून ठेवलं, मग गोदामातून जुन्या बॅचचं एक शीट निघालं. कोपरा ठेचलेला होता. आठ बाय चारच्या शीटमधून तीन शटरं निघून बरंच उरतं, ठेचलेला कोपरा कटिंगमध्ये गेला. ठेचलेल्या मालाचे पैसेही कमी लावले त्याने. मी मागितलेच.

त्या तासाभरात शेजारच्या खुर्चीवर एक तरुण डिझायनर येऊन बसला होता. वयाने तुझ्याएवढा. ऑर्डर लिहून झाल्यावर त्याने आवाज खाली करून दुकानदाराला विचारलं, 'अपना कितना?' मी मान वळवून बाहेर बघायला लागले. बाळ्या, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पहिली तीन वर्षं मीही ते कमिशनचं पाकीट घेतलंय. मिस्त्री घेतात, पेंटर घेतात, डिझायनर घेतात, बाजाराची रीतच आहे. दुकानदार हिशेबाच्या वहीत ठेवून द्यायचा आणि मी न बोलता पर्समध्ये टाकायची. तू दुसरीत असताना आलेली लाल सायकल त्यातलीच.

मग एकदा एका पार्टीने प्लायचं बिल माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, बिलावर ७१० लिहिलंय, शीटवर शिक्का ३०३चा कसा? हे भारतीय मानकांचे नंबर. ७१० म्हणजे मरीन प्लाय, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटायला नकोत. ३०३ म्हणजे साधा, बेडरूमच्या कपाटाला चालतो, सिंकखाली लावला की दोन पावसाळ्यांत फुगतो. मी शिक्का बघितलाच नव्हता. ज्याच्याकडून पाकीट घेतो त्याचं शीट उलटून बघायला हात होत नाही, हे तेव्हा कळलं. ती पूर्ण ट्रॉली मी माझ्या पैशांनी बदलून दिली, आणि तेव्हापासून फी वेगळी, मालाचं बिल थेट पार्टीच्या नावावर. यात मोठेपणा काही नाही, पोळलं म्हणून सुधारले. त्या पोराला दोन शब्द सांगावेसे वाटले, पण मी कोण सांगणार. शीट टेम्पोत चढवलं आणि परत आले.

रविवारी धरमपेठ. तिथलं काम तुला आवडलं असतं. जुना बंगला, सागाची दारं, एवढ्या जाड भिंती की मे महिन्यातही आत गार. घरात एकट्या आजी राहतात, वय ८१. मुलगा अमेरिकेत. मीटिंग त्याच्या शनिवारच्या रात्री, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी, व्हिडिओ कॉलवर. आजी खुर्चीत, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि त्यात तो मला सांगतोय की स्वयंपाकघराची भिंत पाडून सगळं ओपन करायचं, मधोमध आयलंड म्हणजे सुटा ओटा, वर तीन लटकते दिवे. आजी काही बोलेनात. मी विचारलं, 'आजी, पोळ्या कुठं करता तुम्ही?'

'खाली बसून. ओट्याशी उभी राहिली की खांदे भरून येतात.'

मी टेप काढला. त्यांना भिंतीशी उभं केलं, दंड अंगाशी धरून हात काटकोनात वाकवायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. ३५ इंच. ओटा मोजला. ३६. म्हणजे या बाईच्या वाट्याला कोपरापेक्षा उंच ओटा आला. खांदे भरून येणार नाहीत तर काय होणार. लाटण्याचा ओटा कोपराच्या चारेक इंच खाली असला की हाताला जोर मिळतो. पुस्तकात सरसकट ३४ लिहिलेलं असतं, पण पुस्तकाला आजी माहीत नसतात. मी फोनकडे बघून सांगितलं, खिडकीजवळचा चार फुटांचा ओटा ३१ इंचांवर घेऊ, बाकीचा ३४ ठेवू. आयलंडचं नंतर बघू.

तो म्हणाला, 'पण मॅडम, आई अजून किती...' आणि थांबला. वाक्य तिथंच लटकलं. मी ते सावरायला गेले आणि जास्तच बिघडवलं. म्हटलं, 'ग्रॅनाइटखाली आधार असा ठेवते की पुढे तीन इंच उचलता येईल.' बोलून गेले आणि जीभ चावली. पुढे म्हणजे कधी, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. आजींनी साखरेच्या डब्याकडे बघत मुलाला सांगितलं, 'तुला उचलायचा तेव्हा उचल. मला दिवाळीच्या आत लावून दे म्हणजे झालं, यंदा करंज्या उभ्यानं करीन.' मग मला म्हणाल्या, 'तुम्ही चहा घेता की नाही?'

भिंत वाचली. दारं मात्र धोक्यात होती. घरच्यांना नवी फ्लश डोअर्स, म्हणजे प्लायची सपाट दारं, हवी होती आणि भंगारवाला जुनी दारं उचलायला तयारच बसला होता. मी एक पल्ला उतरवून घेतला आणि कोपऱ्यात जरासा रंधा मारायला लावला. वरचा तेलरंगाचा थर निघाल्याबरोबर आतून जो मधाचा रंग आणि वास आला ना, आजी खुर्चीतून उठून आल्या. म्हणाल्या, सासऱ्यांनी आलापल्लीहून लाकूड आणवलं होतं. आपल्याकडच्या सागाची गोष्टच वेगळी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातलं, तेलकट, घट्ट, वाळवी लवकर शिवत नाही. दिल्लीत २०२३ साली नवी संसद उघडली, तिच्यातला सागही नागपूरहून गेलेला आहे. आणि आपण इथं बसून तोच साग भंगारात घालतो आणि त्याच्यासारखा दिसणारा कागद प्लायवर चिकटवतो. असो. त्या दारांचं आता टेबल होणार. मिस्त्री लोहचुंबक फिरवून सगळे खिळे काढून घेतील आधी, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. एक पल्ला मात्र तसाच ठेवते आहे. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. अमेरिकेतल्याची शेवटची खूण माझ्या खांद्याला लागते.

सोमवार सांगण्यासारखा नाही. बेसाला एक नवं जोडपं, मोबाइलमध्ये दोनशे फोटो, सगळे थंड देशांतल्या घरांचे. पांढरा सोफा हवा. नागपुरात, रिंग रोडपासून हाकेच्या अंतरावर, पांढरा सोफा! मी म्हटलं, घ्या, पण कव्हर धुता येणारं घ्या. खरी वादावादी कूलरवरून झाली. त्यांना कूलर नको, सगळीकडे एसी. ठीक आहे. तरी मी हॉलच्या बाल्कनीत ६ अँपिअरचा एक पॉइंट आणि एक नळ काढून ठेवलाच. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला आणि गावाकडून सासूबाई आल्या की पहिला प्रश्न येतो, 'कूलर कुठं आहे?' कोरड्या हवेत कूलरसारखं दुसरं काही नाही आणि त्याला वीज एसीच्या मानाने काहीच लागत नाही. तेव्हा मला शिव्या घालण्यापेक्षा आत्ता हसलेलं बरं. हसले ते. हसू दे.

आता मंगळवार. हा जरा सविस्तर सांगते, कारण यात चूक माझी आहे.

मनीषनगरच्या फ्लॅटचं मुख्य दार सागाच्या चौकटीचं, वर सागाचं व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. त्याला मेलामाइन पॉलिशचा शेवटचा हात राहिला होता. आपले पेंटरभाऊ दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून दोन दिवस सुट्टीवर असतात, हे तुला ठाऊक आहे. दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून लाखो माणसं येतात, आणि त्यांच्या वस्तीतलं मंडळ रस्त्यालगत भोजनदान करतं. त्यांचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला तिथं त्या गर्दीत उभे होते. घरात कुणी आजारी असो की कुठं काम अडलेलं असो, ती सुट्टी हलत नाही, आणि इतक्या वर्षांत मीही कधी हलवायला सांगितलेली नाही. या वेळी पार्टीने मात्र मला सांगून पाहिलं, 'त्याला थांबवा ना मॅडम, डबल रोजी देऊ.' मी नाही म्हटलं. तिथवर मी बरोबर होते.

म्हणजे पॉलिश मंगळवारीच व्हायला हवं होतं. दुपारपासून आभाळ भरून आलेलं. परतीचा पाऊस म्हणजे काय असतो, अंगाला कपडा चिकटतो. पेंटरभाऊंनी डबा उघडलाच नाही. दारावर तळहात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'मॅडम, हवेत पाणी हाये. आज मारलं तर दार पांढरं पडते.' मला माहीत होतं. दमट हवेत मेलामाइन वाळताना वरच्या थरात ओल अडकते आणि दुधासारखा पांढरटपणा येतो, हे मी कॉलेजच्या पोरांना शिकवलेलं आहे. तरी मी काय म्हणाले? 'काही नाही होत, पंखा लावू. मारा.' त्यांनी आणखी एकदा बघितलं. मग मारलं.

संध्याकाळी सहाला पाऊस आला आणि सातला दार पांढरं. सगळं नाही, डाव्या पल्ल्याचा खालचा अर्धा भाग, कोणी दुधाचा हात पुसावा तसा. पेंटरभाऊ 'मी म्हटलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. थिनर मारून पाहिला, थोडं गेलं, पुष्कळसं राहिलं. आता घासूनच काढावं लागणार, आणि पुन्हा मारायला कोरडी हवा हवी, आणि माणूस तर उद्यापासून सुट्टीवर. मी म्हटलं, जा तुम्ही, मी दुसरा कोणी बघते. रात्री दहापर्यंत चार जणांना फोन केले. दसऱ्याच्या तोंडावर नागपुरात मोकळा पॉलिशवाला मिळणं म्हणजे रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर रिकामी जागा मिळण्यासारखं. त्याच रात्री तुझी तीन प्रश्नचिन्हं आली होती. मी फोन उपडा ठेवून दिला.

बुधवारी सकाळी मी आणि मिस्त्रींचा पोरगा, आम्ही दोघांनी मिळून पल्ला घासला. मला अजून येतं ते, फक्त कंबर आता ऐकत नाही. ११ वाजता ऊन पडलं. साडेबाराला दारात पेंटरभाऊ उभे! पांढरा शुभ्र शर्ट, कडक इस्त्री. दीक्षाभूमीकडचे रस्ते गाड्यांना बंद, म्हणून रहाटे कॉलनीहून मेट्रोने आले होते. 'दोन घंटे हायेत माझ्याजवळ. भाताचं पातेलं दुसऱ्याले सोपवून आलो.' आणि मग प्रश्न शर्टाचा. तो शर्ट घालून पॉलिश मारणार कसं? तुझा दहावीचा टी-शर्ट, तो माझ्या गाडीच्या डिकीत काच पुसायला असतो, तो मी झटकून दिला. पाठीवर 'बॅच नंबर वन' लिहिलेलं. त्यात त्यांनी दोन पातळ हात मारले, मधे सुकू दिलं, आणि अडीचला शर्ट बदलून परत गेले. पैसे विचारले तर म्हणाले, दसऱ्यानंतर बघू. चहासुद्धा घेतला नाही. मी संध्याकाळी तांदळाचा एक कट्टा त्यांच्या मंडळाच्या तंबूत नेऊन दिला, पण तो पैशांच्या हिशेबात धरायचा नाही, हे मला कळतं.

पैशांवरून आठवलं. पार्टीचे शेवटचे १० टक्के अजून आलेले नाहीत. दर वेळचंच आहे हे. पहिला हप्ता हसत देतात, शेवटचा मागताना आपणच चोरासारखे होतो. पण मिस्त्री आणि त्यांची चार माणसं सणाला रिकाम्या हाताने कशी पाठवायची? म्हणून बुधवारी रात्री बाबांकडून ४० हजार घेतले. बाबांनी न बोलता दिले, आणि मग 'व्याज किती?' असं विचारलं. तेवढा विनोद ते दर वर्षी करतात. आठवडाभर घरात वरण-भात आणि कांद्याची चटणी होती, तीही त्यांनीच केली. तुला फोनवर 'आई बिझी आहे' सांगताना त्यांच्या आवाजात जे काही होतं असं तू म्हणालास, ते त्या वरण-भाताचं असावं.

आज सकाळी ताबा दिला. साडेआठला जाऊन पोचले तर घरमालक खुर्चीवर उभे, एका हातात झेंडूचं तोरण, दुसऱ्या हातात हातोडी, आणि तोंडात खिळा! कुठं ठोकणार होते? त्याच चौकटीत. मी जिन्यातूनच ओरडले. अरे, तोरणासाठी चौकटीच्या वरच्या बाजूला दोन हुक आधीच लावून ठेवलेत, खालून दिसत नाहीत म्हणून काय झालं. मग ते तोरण हुकाला लागलं आणि मी श्वास सोडला. वहिनींनी दूध उतू घातलं, पाहुणे आले, सगळ्यांनी छताच्या दिव्यांचं कौतुक केलं. दाराबद्दल कोणी अक्षर बोललं नाही. एक लहान पोरगी मात्र येता-जाता त्याच्यावरून हात फिरवत होती.

घरी येऊन आंघोळ केली, आपट्याची पानं देवापुढे ठेवली, संध्याकाळी दोन-चार घरी सोनं देऊन आलो. आणि मग रात्री मी तुझा फोटो उघडला.

शुक्रवारी मी तो पाहिला होता, पण भिंत म्हणून. आज मोठा करून पाहिला. बाळ्या, मला बेसाच्या जोडप्याचं शूज रॅक किती इंच खोल आहे ते पाठ आहे. आजींचं कोपर पाठ आहे. आणि तुझी खिडकी कोणत्या दिशेला आहे हे मला माहीत नाही. तू कामावरून किती वाजता येतोस, आल्यावर कुठं बसतोस, दिवा कोणता लावतोस, काहीच माहीत नाही. आणि हे माहीत नसताना रंग सांगता येत नाही रे. पार्टीलाही मी सांगत नाही.

खिडकी उत्तरेला असेल तर दिवसभर उजेड थंड, निळसर येतो, मग पांढऱ्यात जरा पिवळा किंवा बदामी मिसळलेला घे. पश्चिमेला असेल तर चारनंतरचं ऊन आधीच पिवळं असतं, तिथं पिवळा-केशरी लावलास तर संध्याकाळी भट्टीत बसल्यासारखं वाटेल, त्यापेक्षा फिकट करडा किंवा हिरवट बरा. दुकानातल्या कार्डावरून ठरवू नको. सॅम्पलची छोटी डबी आण, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगव, पूर्ण वाळू दे, वाळल्यावर रंग गडद होतो, आणि मग सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघ. तू खोलीत जास्त रात्रीच असणार, तर रात्रीचं मत मोजायचं. आणि तो पांढराफटक दिवा काढ, ३००० केल्विनचा आण, बॉक्सवर लिहिलेलं असतं. अर्धं काम तिथंच होईल. घरमालकाला विचारल्याशिवाय ब्रशला हात लावू नको, डिपॉझिटमधून कापतात.

पण हे सगळं नंतर. फोटोत भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, फरशीपासून दीड फुटापर्यंत, रंग फुगलाय आणि एक तपकिरी कडा आली आहे. तुला ती सावली वाटली असेल. ती सावली नाही, ओल आहे. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे का? असेल तर नळाचा किंवा फरशीचा जोड गळतोय. त्यावर जगातला कुठलाही रंग लाव, सहा महिन्यांत पापुद्रे निघतील. घरमालकाला फोटो पाठव, आधी गळती काढायला सांग, मग भिंत महिनाभर वाळू दे.

आणि त्याच कोपऱ्यात, जमिनीवर, तुझी गादी आहे. वर आजीची गोधडी. तू खोकतोस असं बाबा म्हणत होते. गादी आत्ताच्या आत्ता तिथून हलव, खिडकीच्या बाजूला घे, गोधडी उन्हात टाक. खिडकीला पडदा म्हणून जी चादर बांधली आहेस ती दिवसा काढून ठेव, हवा खेळू दे. शनिवारी फोन करते, टेप हातात घेऊन बस. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पाच मीटरचा घे.

तुझी,
आई

ता. क. टी-शर्टाला पॉलिश लागलं. निघणार नाही.